तिनं पाण्याची बाजू घेतली

आमच्या मराठवाड्यात एक शब्द असा आहे, जो शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही पाठ असायचा. एंड्रिन. कपाशीवर मारायचं औषध. गावात कुणी जीव दिला की एंड्रिन प्यायला, एवढंच सांगितलं जायचं. पुढचं विचारायची गरज नसायची. नंतर औषधं बदलली, बाटल्यांवरची नावं बदलली, तरी जुनी माणसं फवारणीच्या कुठल्याही औषधाला एंड्रिनच म्हणत राहिली. कुणी त्याला औषध म्हणतं, कुणी विष. एकाच बाटलीला आपल्याकडे दोन्ही शब्द चालतात, हेही नवलच!

या एंड्रिनबद्दल एका बाईनं १९६२ साली एका पुस्तकात लिहून ठेवलं होतं. त्या जातीच्या सगळ्या औषधांत हे सर्वांत जहाल, आणि माशांच्या बाबतीत तर विचारूच नका, असं तिचं सांगणं होतं. बाई अमेरिकेतली. नाव रेचेल कार्सन. मी दौलताबादला राहते आणि अकरावी-बारावीच्या मुलींना जीवशास्त्र शिकवते. अन्नसाखळीचा धडा आला की दरवर्षी मला तिची आठवण होते. धड्यात तिचं काम असतं. तिची गोष्ट मात्र तासाबाहेर सांगावी लागते. बिनलग्नाची, घरच्या जबाबदाऱ्यांनी वाकलेली, दुखण्यानं पोखरलेली ही बाई पाण्याची आणि पाण्यातल्या मुक्या जिवांची बाजू घेऊन उभी राहिली. मैत्रिणींनो, आज तिची गोष्ट तुम्हालाही सांगते.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ चा. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्प्रिंगडेल हे नदीकाठचं लहानसं गाव. घराभोवती ६५ एकर जमीन, थोडी फळझाडं, कोंबड्या, जनावरं. जमीन होती म्हणून श्रीमंती होती असं मात्र नाही. वडील विमा विकायचे, जमिनीचे प्लॉट पाडून विकायचा प्रयत्न करायचे. त्यात फारसं यश कधी आलं नाही. आई मरिया लग्नाआधी शिक्षिका होती. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे लग्न झालं आणि नोकरी सुटली. मग तिची सगळी हौस या शेंडेफळावर! ती रेचेलला हाताला धरून रानात न्यायची. पाखरं, किडे, फुलं दाखवायची. पाहून झालं की सगळं जिथल्या तिथे ठेवायचं, हा नियम. पोरीला वाचनाचं वेडही आईनंच लावलं. अकराव्या वर्षी रेचेलची पहिली गोष्ट मुलांच्या एका नावाजलेल्या मासिकात छापून आली. लेखिका व्हायचं, हे तिचं तेव्हाच ठरलं होतं.

गावाजवळ सरस बनवायचा कारखाना होता. त्याचा उग्र वास गावभर भरून राहायचा. पुढे वीजनिर्मितीचे कारखाने आले, धूर आला. डोळ्यांदेखत नदी मळत गेली. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. तो तिनं फक्त पुस्तकांत पाहिलेला. तरी या मुलीला स्वप्नं पडायची ती समुद्राची.

१९२५ मध्ये ती मुलींच्या कॉलेजात दाखल झाली. फी परवडणारी नव्हती. शिष्यवृत्ती पुरेना, तेव्हा आईनं सफरचंदं विकली, कोंबड्या विकल्या, पियानोच्या शिकवण्या केल्या आणि घरातली ठेवणीतली चिनी मातीची भांडीसुद्धा विकून टाकली. वाचताना मला आपल्याकडच्या किती तरी आया आठवल्या. पाटल्या मोडून मुलीची फी भरणाऱ्या! रेचेलनं विषय घेतला होता इंग्रजी. पण मेरी स्किंकर नावाच्या बाई जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या तासांनी या मुलीचं आयुष्यच फिरवलं. तिनं विषय बदलला. विज्ञानात बायकांना नोकऱ्या मिळत नाहीत, लेखिका होण्याची संधी हातची जाईल, असं सगळ्यांनी बजावलं. पण ती बधली नाही. १९२९ मध्ये ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली आणि त्याच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत गेली. बावीस वर्षांच्या रेचेलनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ मध्ये तिनं प्राणिशास्त्राची एम.ए. केली. प्रबंध होता मिशीवाल्या एका माशाच्या भ्रूणावर. त्याचं मूत्रपिंड कसं तयार होतं, याचा. महामंदीचे दिवस होते. घरची सगळी माणसं तिच्याजवळच येऊन राहिलेली. पीएच.डी. पैशांअभावी सोडावी लागली. १९३५ मध्ये वडील अचानक गेले आणि घराचा भार तिच्यावर आला.

तेव्हा सरकारच्या मत्स्य खात्यात तिला अर्धवेळ काम मिळालं. रेडिओवर सात-सात मिनिटांचे ५२ कार्यक्रम व्हायचे होते, विषय पाण्यातले जीव. शास्त्रज्ञांना ते लोकांच्या भाषेत लिहिता येईना, लेखकांना शास्त्र कळेना. रेचेलला दोन्ही येत होतं! १९३६ मध्ये सरकारी परीक्षेत ती पहिली आली आणि जलजीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाली. या दर्जाच्या जागेवर त्या खात्यात तेव्हा बायका होत्या अवघ्या दोन. पुढच्याच वर्षी तिची मोठी बहीण गेली. तिच्या दोन लहान मुली रेचेलनं आणि तिच्या आईनं आपल्याकडे आणल्या. दिवसा ऑफिस, संध्याकाळी मुली, रात्री लिखाण. हे वेळापत्रक आपल्याला काही वेगळं समजावून सांगायला नको!

तिचं पहिलं पुस्तक ‘अंडर द सी-विंड’ नोव्हेंबर १९४१ मध्ये आलं आणि महिन्याभरात अमेरिका महायुद्धात उतरली. पुस्तकाकडे कुणी पाहिलंही नाही. दहा वर्षांनी, १९५१ मध्ये ‘द सी अराउंड अस’ आलं आणि चमत्कार झाला. खपाच्या यादीत ते ८६ आठवडे राहिलं. १९५२ चा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. अनेक भाषांत भाषांतरं झाली. समुद्राबद्दल इतकं अधिकारानं लिहिणारी व्यक्ती बाई आहे, हे कित्येक वाचकांना पटायलाच तयार नव्हतं. पैशांची चणचण पहिल्यांदा संपली. तिनं नोकरी सोडली, मेनच्या किनाऱ्यावर एक छोटं घर बांधलं. ओहोटीच्या वेळी कातळावरच्या डबक्यांत वाकून तासन्‌तास बसायचं, थंडीनं पाय बधिर झाले की कुणीतरी उचलून आणायचं. हे तिचं सुख. १९५५ मध्ये किनाऱ्यावरच्या जिवांवरचं तिसरं पुस्तक आलं.

आता ती निवांत लिहीत बसली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. पण डीडीटीनं तिला निवांत बसू दिलं नाही.

हे डीडीटी आपल्यालाही चांगलं ठाऊक आहे. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी त्याचा कीटकनाशक गुण शोधला. महायुद्धात या पावडरीनं उवा मारल्या आणि टायफसची साथ आटोक्यात आली. १९४८ मध्ये म्युलर यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे १९५३ पासून राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात घरोघरी डीडीटीची फवारणी झाली. भिंतींवरचे ते पांढरे डाग जुन्या बायकांना अजून आठवतात. हिवतापानं माणसं पटापट मरत होती, त्यातली कितीतरी या पावडरीनं वाचली. हे खरंच आहे आणि रेचेलनंही ते कधी नाकारलं नाही. तिचा प्रश्न वेगळा होता. युद्ध संपल्यावर हेच रसायन विमानांतून शेतांवर, जंगलांवर, तळ्यांवर ओतलं जाऊ लागलं. ते पुढे जातं कुठे?

हा प्रश्न तिला १९४५ पासूनच पडलेला होता. तिच्या खात्यातले शास्त्रज्ञ तेव्हा पाखरांवर आणि माशांवर डीडीटीचा परिणाम तपासत होते. यावर लेख लिहू का, असं तिनं एका मोठ्या मासिकाला विचारलं. मासिकानं नको म्हटलं. मग जानेवारी १९५८ मध्ये ओल्गा हकिन्स नावाच्या मैत्रिणीचं पत्र आलं. डास मारायला विमानातून औषध फवारलं आणि आपल्या अंगणातले पक्षी तडफडून मेले, अशी तिची तक्रार होती. तिनं ती वर्तमानपत्राकडे पाठवली होती आणि एक प्रत रेचेलला. रेचेलनं आधी दुसऱ्या कुणी यावर लिहावं म्हणून खटपट केली. कुणी पुढे येईना, तेव्हा स्वतःच बसली.

घरची परिस्थिती कशी होती म्हणाल, तर सांभाळलेल्या भाच्यांपैकी मार्जोरी १९५७ मध्ये वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर. पन्नाशीला टेकलेल्या रेचेलनं त्याला दत्तक घेतलं. डिसेंबर १९५८ मध्ये आई गेली. या सगळ्यात ती देशभरातल्या शास्त्रज्ञांना पत्रं लिहीत होती, अहवाल मागवत होती, एकेक नोंद तपासत होती.

तिच्या पुस्तकातली एक गोष्ट मी मुलींना हमखास सांगते. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं तळं आहे. तिथे मासे धरायला येणाऱ्यांना चिलटांचा त्रास व्हायचा. चिलटं चावत नव्हती बरं का, नुसती भणभणायची. म्हणून १९४९ मध्ये तळ्यात डीडीडी टाकलं. हा डीडीटीचाच भाऊ, माशांना कमी त्रासदायक म्हणून मुद्दाम निवडलेला. मात्राही किती जपून! नंतरच्या खेपेला वाढवली, तरी पाच कोटी भाग पाण्यात एक भाग. १९५४ आणि १९५७ मध्ये पुन्हा टाकलं. आणि तळ्यावरचे ग्रीब पक्षी मरायला लागले. आपल्याकडे तळ्यात पटकन बुडी मारणारी टिबुकली असते ना, तिचेच हे मोठे भाऊबंद. रोग म्हणावा तर रोगाचा पत्ता नाही. शेवटी पक्ष्यांची चरबी तपासली, तर दहा लाखांत १६०० भाग विष!

पाण्यात तर दहा लाखांत जेमतेम ०.०२ भाग होता. मग एवढं आलं कुठून? पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती-प्राण्यांत ते ५ भाग झालं होतं. ते खाणाऱ्या माशांत ४० ते ३००. माशांना खाणाऱ्या एका माशात तर २५०० पर्यंत. पाठ्यपुस्तकात या प्रकाराला जड नाव आहे. मी मुलींना खव्याचं उदाहरण देते. दूध आटवत जा. पातेलं तेवढंच, दूध कमी कमी होत जातं आणि सगळा अंश तळाच्या गोळ्यात येऊन बसतो. अन्नसाखळीतही तसंच. ही रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. ती कुजत नाहीत, पचत नाहीत, लघवीवाटे सहज निघून जात नाहीत. लहान मासा आयुष्यभर जे साठवतो, ते सगळं त्याला खाणाऱ्या मोठ्या माशाच्या पोटात जातं. आणि तो मोठा मासा कालवणात पडतो आपल्या.

सर्वांत हादरवणारी गोष्ट पुढेच आहे. शेवटच्या फवारणीनंतर थोड्याच दिवसांनी तळ्याचं पाणी तपासलं तर त्यात डीडीडीचा मागमूस नव्हता. पाणी स्वच्छ! कारण विष पाण्यातून निघून जिवांच्या अंगात शिरलं होतं. तळ्यावर हजारावर जोड्या घरटी करायच्या. १९६० पर्यंत तीसेक उरल्या. त्यांनीही घरटी बांधली, पण पिल्लं काही दिसली नाहीत.

दुसरी गोष्ट कॅनडातल्या मिरामिची नदीची. सॅमन मासा समुद्रातून गोड्या पाण्यात येऊन इथे अंडी घालतो. जून १९५४ मध्ये झाडांवरची अळी मारायला जंगलावर विमानांनी डीडीटी फवारलं, एकरी अर्धा पौंड. ओढ्यांवर पडतंय याची कुणी फिकीर केली नाही. दोन दिवसांत काठांवर मेलेले मासे दिसू लागले. त्या वर्षी जन्मलेलं सॅमनचं एकही पिल्लू फवारलेल्या पट्ट्यात वाचलं नाही. जे त्या माऱ्यातून सुटले असते, त्यांना खायला पाण्यातले किडेच उरले नव्हते. मासा मारायचा तर विष त्याच्या तोंडात घालावं लागत नाही. त्याचं ताट रिकामं केलं तरी पुरतं.

आणि घरातली एक गोष्ट, एंड्रिनचीच. परदेशात राहायला गेलेल्या एका अमेरिकी कुटुंबानं नव्या घरात झुरळं झाली म्हणून एंड्रिन फवारून घेतलं. वर्षाचं बाळ आणि कुत्रा यांना आधी बाहेर नेलं, फरशी धुऊन घेतली, मगच आत आणलं. कुत्रा तासाभरात मेला. बाळ जगलं, पण ते कुणाला ओळखेनासं झालं. ही गोष्ट वाचली तेव्हा मी माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचं कपाट उघडून पाहिलं होतं, हे प्रांजळपणे सांगते.

हे सगळं लिहिताना रेचेलचं स्वतःचं शरीर ढासळत होतं. एप्रिल १९६० मध्ये तिच्या स्तनातली गाठ काढली. शस्त्रक्रिया मोठी झाली, पण तो कर्करोग आहे हे डॉक्टरांनी तिला सांगितलंच नाही. तेव्हा असं बाईला सांगत नसत, तिच्या नवऱ्याला सांगत. हिला तर नवराच नव्हता! तिनं विचारलं तरी खरं उत्तर मिळालं नाही. रोग पसरल्यावर, वर्षाच्या शेवटी, दुसऱ्या डॉक्टरांकडून तिला कळलं. मग रेडिएशन, सांधेदुखी, डोळ्यांचा असा आजार की काही आठवडे वाचताच येईना. मदतनीस वाचून दाखवायची आणि ही ऐकून दुरुस्त्या सांगायची. दुखणं तिनं अगदी जवळच्यांशिवाय कुणाला कळू दिलं नाही. स्वतःला कर्करोग झाला म्हणून रसायनांवर सूड उगवतेय, असं कुणी म्हणायला नको होतं तिला. पुस्तकातली एकेक ओळ पुराव्यावर उभी राहायला हवी होती.

‘सायलेंट स्प्रिंग’ जून १९६२ पासून ‘न्यूयॉर्कर’मध्ये क्रमशः आलं, २७ सप्टेंबरला पुस्तक निघालं. आणि वादळ उठलं! एका रसायन कंपनीनं प्रकाशकाला कोर्टाची धमकी दिली. दुसरीनं पुस्तकाची टिंगल करणारं लिखाण छापून वाटलं. तिला पीएच.डी. नाही, ती हळव्या मनाची बाई आहे, कम्युनिस्ट आहे, असं काय काय बोललं गेलं. मूलबाळ नसलेल्या अविवाहित बाईला पुढच्या पिढ्यांची काळजी कशाला, इथपर्यंत मजल गेली. वास्तविक घरी एक लहान मुलगा ती वाढवत होती. बाईनं मुद्दा मांडला की मुद्दा सोडून बाईवर घसरायचं, ही रीत सातासमुद्रापारही तीच!

रेचेल मात्र आवाज न चढवता बोलत राहिली. सगळी कीटकनाशकं बंद करा असं तिनं कधीच म्हटलं नव्हतं. गरज असेल तिथे, बेतानं, परिणाम तपासून वापरा. किडीचे नैसर्गिक शत्रू मदतीला घ्या. आणि ज्यांच्या अंगावर हे पडणार त्यांना ते कळू द्या, एवढी तिची मागणी. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी शास्त्रज्ञांची समिती नेमली. मे १९६३ मध्ये तिचा अहवाल आला, तो बहुतांशी रेचेलच्या बाजूनं. जूनमध्ये ती सिनेटच्या समितीपुढे साक्षीला गेली. डोक्यावर केसांचा टोप होता, चालताना हाडं ठणकत होती. समोरच्यांना याचा पत्ता नव्हता. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मिसिसिपी नदीत लाखो मासे मरून तरंगले आणि तपासात नाव निघालं एंड्रिनचं. रेचेलचं म्हणणं नदीनंच खरं करून दाखवलं.

१४ एप्रिल १९६४ रोजी ती गेली. वय ५६. रॉजर बारा वर्षांचा होता. त्याला तिच्या संपादकांनी आपल्या घरी वाढवलं. तिच्या राखेचा काही भाग जिवलग मैत्रीण डोरोथी फ्रीमन हिनं मेनच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडला.

पुढे अमेरिकेत १९७० मध्ये पर्यावरणासाठी स्वतंत्र सरकारी संस्था झाली. १९७२ मध्ये शेतीतल्या डीडीटीवर तिथे बंदी आली. मासे खाऊन जगणाऱ्या पक्ष्यांची अंडी डीडीटीमुळे इतकी पातळ कवचाची होतात, की आई बसली तरी फुटतात, हे तिच्या मृत्यूनंतर सिद्ध झालं. पांढऱ्या डोक्याचा गरुड, अमेरिकेचं राष्ट्रचिन्ह, नामशेष व्हायच्या बेतात होता. तो २००७ मध्ये संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. विष थांबवलं की जीव परत येतात, हे यातलं मोठं आश्वासन.

आता आपल्याकडे येऊ. भारतात एंड्रिनवर १९९० मध्ये बंदी आली. डीडीटी १९८९ मध्ये शेतीतून बाद झालं. रोगाचे डास, माश्या मारण्यापुरती सवलत राहिली. आपल्या आज्या-पणज्या धान्यात, गोठ्यात बिनदिक्कत टाकायच्या ती गॅमेक्सिन पावडर, म्हणजे बीएचसी, १९९७ मध्ये बंद झाली. केरळात कासारगोडला काजूच्या मळ्यांवर हेलिकॉप्टरनं फवारलेल्या एंडोसल्फाननं कुटुंबंच्या कुटुंबं उद्ध्वस्त केली. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये ते थांबवलं. न नासणाऱ्या या रसायनांवर जगानं २००१ मध्ये स्टॉकहोम करार केला. पहिल्या बारांत डीडीटी आणि आपलं एंड्रिन होतंच. भारत २००६ मध्ये त्यात सामील झाला. यादी वाढतेच आहे. नॉनस्टिकचं आवरण बनवताना, पाणी न धरणाऱ्या कापडात, आग विझवायच्या फेसात वापरली गेलेली फ्लोरिनची रसायनं तिच्यात २००९, २०१९ आणि २०२२ मध्ये आली. त्यांना कायमची रसायनं म्हणतात. चरबीऐवजी ती रक्तात आणि यकृतात मुक्काम ठोकतात, एवढाच फरक.

आमच्या दौलताबादला पाण्याची किंमत जुनी ठाऊक आहे. किल्ल्यातला हत्ती हौद थेंब साठवण्यासाठीच. शेजारच्या शहरात मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी नहरी खोदल्या, त्या यासाठीच. याच शहराच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पोटातून खाम नदी वाहते. वर्षानुवर्षं तिच्यात सांडपाणी गेलं, कारखान्यांचं पाणी गेलं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांचा अभ्यास केला. अतिप्रदूषित ठरलेल्या ४३ मध्ये तेव्हाचं औरंगाबाद होतं. खामच्या स्वच्छतेचं काम २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद आणि संस्थांनी हाती घेतलं, ही चांगलीच गोष्ट. पण काठ साफ झाला, वास गेला की नदी बरी झाली असं आपण समजतो. क्लिअर लेकचं पाणीही स्वच्छच दिसत होतं!

खाम असो की आमच्या डोंगरातले ओढे, सगळ्यांची शेवटची वाट गोदावरीकडे. पैठणचा नाथसागर आमचा पाण्याचा हंडा. शहर त्याच्यावर तहान भागवतं. भोई बांधव रोहू, कटला, मरळ, चिलापी पकडून पोट भरतात. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्यही आहे. हिवाळ्यात तिथे काळ्याभोर वारकरी पक्ष्यांचे थवे उतरतात. नाथांच्या गावात वारकरी, नाव कसं शोभून दिसतं! टिबुकलीही असते, बुड्या मारत. तिच्या चरबीत काय साठलंय, हे पाण्याकडे पाहून कळणार नाही. त्यासाठी गाळ तपासावा लागतो, मासा तपासावा लागतो. पाण्याबरोबर माशांचीही तपासणी नियमित व्हावी आणि आकडे लोकांना सांगावेत, ही मागणी आपण बायकांनी करायला काय हरकत आहे? घरात काय शिजायचं हे ठरवतो आपणच. शिवाय ही रसायनं आईच्या दुधातून बाळाकडे जातात, म्हणून हा प्रश्न आपला आहेच. दूध पाजणं अर्थातच थांबवायचं नाही. त्याच्या तोडीचं काही नाही. थांबवायचं ते पाण्यात विष जाणं.

आणि काही गोष्टी तर आपल्या हातात आजच आहेत. आमच्या भागात द्राक्षं, सीताफळ, पेरू, कापूस, फवारणी सगळीकडे. फवारणीचा पंप ओढ्यात, विहिरीच्या काठावर खंगाळला जातो. फवारणीचे कपडे बाई त्याच पाण्यावर हातानं धुते. रिकामा डबा चांगला दणकट म्हणून घासून रॉकेलला, पाण्याला ठेवला जातो. डबा तीनदा खंगाळून ते पाणी पंपातच ओतायचं, मग डब्याला भोकं पाडायची, म्हणजे तो पुन्हा घरात येणार नाही. फवारणीचे कपडे वेगळे, हातमोजे घालून, विहीर-ओढ्यापासून लांब धुवायचे. आजची पुष्कळ औषधं एंड्रिनसारखी वर्षानुवर्षं टिकत नाहीत, पण माशाला मरायला वर्षं लागत नाहीत. एक धुतलेला पंप पुरतो.

माझ्या वर्गातल्या मुलींना मी या वर्षी एक काम दिलं होतं. आपल्या शिवारात पंप कुठे धुतला जातो आणि ते पाणी पुढे कुठे जातं, याचा साधा नकाशा काढून आणायचा. बहुतेक नकाशांवर बाण ओढ्याकडे गेले होते. एका मुलीनं मात्र दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, की तिच्या आईनं वडिलांना पंप बांधापलीकडच्या पडीक जागेत धुवायला लावला. काय वादावादी झाली असेल ती असेल, पण पंप हलला! मैत्रिणींनो, तुमच्याही घरी शेती असेल, तर या आठवड्यात एवढं एकच विचारून पाहा. आपला पंप कुठे धुतात हो?